ग्राउलरच्या पंखाखालचा जॅमर: एएलक्यू-९९ बदलायला पन्नास वर्षं का लागली? (एक चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

मीटरबँड

अमेरिकी नौदलाचा एएलक्यू-९९ हा जॅमर (शत्रूच्या रडारला गोंगाटाने आंधळं करणारी यंत्रणा) व्हिएतनाम युद्धाच्या अखेरच्या काळातला. १९७१ मध्ये ईए-६बी प्राउलर विमानाबरोबर तो सेवेत आला आणि १९७२ मध्ये प्रत्यक्ष युद्धात वापरला गेला. हवाई दलाच्या ईएफ-१११ रेव्हनमध्येही त्याचीच एक आवृत्ती होती. रेव्हन १९९८ मध्ये निवृत्त झालं, प्राउलर नौदलातून २०१५ मध्ये आणि मरीन कोअरमधून २०१९ मध्ये गेलं. एएलक्यू-९९ मात्र २००९ पासून ईए-१८जी ग्राउलरच्या पंखाखाली आहेच. त्याची जागा घेणाऱ्या एएलक्यू-२४९ ची, म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन जॅमर’च्या मधल्या वारंवारिता-पट्ट्याच्या पॉडची (विमानाखाली टांगायच्या डब्याची), पहिली तैनाती २०२४ मध्ये अब्राहम लिंकन या विमानवाहू नौकेवर झाली.

एवढ्या काळात रडार कुठल्या कुठे गेली. मग जॅमर का रेंगाळला? ‘ट्रान्समीटरची ताकद वाढवत न्यायची’ असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ताकदीचा प्रश्न सगळ्यात सोपा होता. घोडं अडलं ते वीज, उष्णता आणि अँटेना यांच्यापाशी. म्हणून आधी जुना पॉड आतून कसा आहे ते पाहू.

एएलक्यू-९९ च्या प्रत्येक पॉडच्या नाकावर चार पात्यांचा छोटा पंखा असतो. विमान पुढे जातं, वाऱ्याने पंखा फिरतो, त्यामागचं जनित्र सुमारे २७ किलोवॅट वीज देतं. विमानाच्या मुख्य वीजपुरवठ्यावर भार पडत नाही, ही त्यातली मोठी सोय. आत एक एक्सायटर असतो, तो कुठल्या वारंवारितेवर कसला सिग्नल पाठवायचा ते तयार करतो. त्याच्या पुढे दोन ट्रान्समीटर, आणि त्यांना जोडलेले पुढे-मागे तोंड करणारे अँटेना. ट्रान्समीटर म्हणजे ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, लहरीची शक्ती वाढवणारी निर्वात नळी; मराठीत सरळ ‘नळी’ म्हणू.

मेख अशी की प्रत्येक ट्रान्समीटर ठरावीक पट्ट्यापुरताच. उड्डाणाआधी जमिनीवरच ठरवावं लागतं की आज कुठल्या पॉडमध्ये कुठले ट्रान्समीटर बसवायचे. समोर अपेक्षेपेक्षा वेगळ्या पट्ट्यातलं रडार निघालं, तर हवेत बदल करता येत नाही.

ग्राउलरची नेहमीची मांडणी: मधोमध पोटाखाली खालच्या पट्ट्याचा एक पॉड, दोन पंखांखाली मधल्या-वरच्या पट्ट्यांचे दोन, इंधनाच्या दोन टाक्या, रडारवर जाणारी दोन हार्म क्षेपणास्त्रं आणि स्वसंरक्षणाला हवेतून हवेत मारा करणारी दोन अ‍ॅमराम. म्हणजे विमान जवळजवळ भरलं. पॉडचा हवेला होणारा अडथळा इतका, की पल्ला आणि वेग दोन्ही घटतात.

डेसिबल

ताकदीचा मुद्दा आकड्यांत मांडतो. त्याशिवाय ‘दुप्पट शक्तीचा जॅमर’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाते आणि परत येते. जाताना अंतराच्या वर्गाने क्षीण होते, येताना पुन्हा वर्गाने. म्हणजे प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. जॅमरची लहर मात्र एकाच दिशेने जाते, ती फक्त वर्गाने घटते. म्हणून लांब अंतरावर जॅमर नेहमी वरचढ ठरतो. विमान जवळ आलं की कुठेतरी प्रतिध्वनी जॅमरच्या गोंगाटाला फोडून बाहेर येतो. या अंतराला बर्न-थ्रू अंतर म्हणतात. जॅमरच्या सुधारणेचं खरं माप हेच.

आता दोन प्रसंग घ्या.

पहिला: जॅमर त्याच विमानावर आहे, ज्याला लपवायचं आहे. इथे बर्न-थ्रू अंतराचा वर्ग शक्तीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. शक्ती चौपट केली की अंतर निम्मं होतं.

दुसरा: जॅमर मागे, क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर एका जागी घिरट्या घालतोय आणि हल्ल्याची विमानं पुढे चालली आहेत. इथे अंतराचा चौथा घात शक्तीच्या व्यस्त प्रमाणात. तेच अंतर निम्मं करायला शक्ती सोळापट लागते. शिवाय पुढची विमानं रडारच्या मुख्य झोताच्या दिशेला आणि जॅमर बाजूला असेल, तर जॅमरची लहर रडारच्या साइडलोबमधून, म्हणजे अँटेनाच्या बाजूच्या क्षीण झोतांमधून, आत शिरते. साइडलोब मुख्य झोतापेक्षा ३० डेसिबल खाली असेल तर हजारपट नुकसान. आधुनिक रडारचे साइडलोब त्याहून खाली असतात, आणि वर साइडलोब रद्द करणारी वेगळी अँटेना-वाहिनी असते.

तिसरं नुकसान पट्ट्याच्या रुंदीचं. रडारची बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ आणि तुम्ही गोंगाट २०० मेगाहर्ट्झवर पसरवला, तर रडारच्या कानात तुमच्या शक्तीचा २०० वा भागच जातो. २३ डेसिबल गेले. याला बराज जॅमिंग म्हणतात. रडार नेमकं कुठल्या वारंवारितेवर आहे हे कळलं तर त्याच १ मेगाहर्ट्झवर सगळी शक्ती ओतता येते, त्याला स्पॉट जॅमिंग म्हणतात. अडचण ही की आजची रडार प्रत्येक स्पंदाला वारंवारिता बदलू शकतात.

म्हणजे मीटरबँड म्हणतात ते बरोबर आहे. २३ डेसिबल आणि ३० डेसिबल जिथे जातात, तिथे ट्रान्समीटर दुप्पट करून मिळणारे ३ डेसिबल किरकोळ आहेत. झोत अरुंद करणं आणि नेमकं ऐकणं, कमाई तिथे आहे.

कानोसा

ऐकण्याचा मुद्दा निघालाच आहे तर प्राउलर ते ग्राउलर या प्रवासातला खरा बदल माझ्या मते तिथेच झाला. लोक पॉड मोजतात, कारण पॉड दिसतात.

जुन्या प्राउलरमध्ये चार माणसं होती: एक वैमानिक आणि तीन इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकारी. शेपटीच्या टोकावरच्या मोठ्या फुगवट्यात रिसीव्हर होते. आधीच्या आवृत्त्यांत ऐकणं आणि जॅम करणं यांच्यात माणूस होता. सिग्नल दिसला, ओळखला, जॅमर त्यावर लावला, यात वेळ जायचा आणि पट्टा रुंद ठेवावा लागायचा. प्राउलरच्या शेवटच्या मोठ्या सुधारणेत, आयकॅप-३ मध्ये, एएलक्यू-२१८ रिसीव्हर आला. तो रडारची वारंवारिता झपाट्याने मोजतो, रडारने उडी मारली की मागोमाग जॅमरला नव्या जागी नेतो. बराजकडून स्पॉटकडे जाणं शक्य झालं ते यामुळे. डेसिबल यांनी सांगितलेल्या २३ डेसिबलांपैकी बरेच असे परत मिळतात, आणि त्यासाठी ट्रान्समीटरला हातही लावावा लागत नाही.

हाच रिसीव्हर ग्राउलरच्या पंखांच्या टोकांवर बसवला. ज्या सुपर हॉर्नेट लढाऊ विमानावरून ग्राउलर बनवलं, त्यावर तिथे साइडवाइंडर क्षेपणास्त्रं असतात, ती गेली. तोफही काढली, कारण नाकातल्या त्या जागेत एएलक्यू-२२७ ही संपर्क-सिग्नल ऐकणारी आणि अडवणारी यंत्रणा बसवली. पंखांच्या दोन टोकांवर अँटेना ठेवल्याने त्यांच्यातलं अंतर मोठं मिळतं. एकच लहर दोन्ही टोकांना किंचित वेगळ्या कलेत (फेजमध्ये) पोचते, त्या फरकावरून दिशा काढतात. अंतर जितकं मोठं तितका कोन अचूक. पण फार मोठं अंतर असलं की एकाच कलाफरकाला अनेक कोन जुळतात, म्हणून जवळच्या जोड्याही लागतात. त्या ढोबळ उत्तर देतात, लांबच्या जोड्या ते बारीक करतात.

इथे एक यांत्रिक अडचण येते, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पंखाचं टोक उड्डाणात वाकतं, थरथरतं. अँटेना हलले की कलेचं मोजमाप बिघडतं. सुपर हॉर्नेटचा पंख आवाजाच्या वेगाच्या आसपास थोडा हादरतोच. ग्राउलरसाठी बोइंगने पंखाच्या पुढच्या कडेचं आणि घडीच्या बिजागरीवरचं आवरण बदललं, पंखावर छोटी उभी कुंपणं आणि एलेरॉनपाशी पट्ट्या बसवल्या, ते उड्डाण सुरळीत राहावं म्हणून.

ओझरकर

कानोसा, एक शंका. एका हाताने कर्कश ओरडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या कानाने कुजबूज ऐकायची, हे एकाच विमानावर कसं जमतं?

कानोसा

हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉड किलोवॅटमध्ये बोलतो, रिसीव्हर पिकोवॅटमध्ये ऐकतो. मध्ये १५० डेसिबलांच्या आसपासचा फरक आणि काही मीटरांचं अंतर. तीन उपाय एकत्र वापरतात.

एक, जागा. ऐकणारे अँटेना पंखाच्या टोकाला आणि ओरडणारे पंखाखाली, मध्ये विमानाचं धूड. यातून काही दशक डेसिबल मिळतात, बाकीचे उरतातच.

दोन, वेळ. जॅमर ठरावीक काळाने क्षणभर थांबतो, रिसीव्हर ऐकून घेतो, पुन्हा जॅमिंग सुरू. याला लुक-थ्रू म्हणतात. थांबण्याचा काळ फार लांबला तर रडारला तेवढ्यात विमान दिसतं. फार आखूड ठेवला तर रिसीव्हरच्या हाती पुरेसे स्पंद लागत नाहीत. दोन स्पंदांमधला काळ १ मिलिसेकंद असेल आणि खिडकी २०० मायक्रोसेकंदाची, तर पाचातल्या चार वेळा काहीच सापडणार नाही. त्यामुळे खिडकीचं वेळापत्रक रडारगणिक वेगळं लागतं.

तीन, वजाबाकी. आपण काय पाठवतोय ते आपल्याला नेमकं ठाऊक असतं, म्हणून त्याची उलट्या कलेतली नक्कल रिसीव्हरच्या वाटेत मिसळायची. ग्राउलरमध्ये इनकॅन्स नावाची यंत्रणा हे काम रेडिओ संपर्कासाठी करते. प्राउलरचे चालक जॅमिंग चालू असताना स्वतःच्या रेडिओवर नीट बोलू शकत नसत, ग्राउलरचे बोलू शकतात. वजाबाकीतून ४० डेसिबल मिळवायचे तर नकलेत एक टक्क्याहून जास्त चूक चालत नाही. तापमान बदललं, केबल वाकली, पॉड बदलला की जुळणी पुन्हा करावी लागते. पॉडचा रेडोम (अँटेनावरचं आवरण) दुरुस्त केला आणि रंगाचा थर जाड बसला, एवढ्यानेही परावर्तन बदलतं.

वातकुक्कुट

मीटरबँड यांनी पंखा आणि जनित्र एका वाक्यात उरकलं. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमाचं वेळापत्रक त्याच पंख्याने बिघडवलं, म्हणून थोडं थांबून बघू.

वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग १० टक्के कमी झाला तर ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे २७ टक्के शक्ती गेली. उंचीवर हवा विरळ असते, सुमारे ९ किलोमीटरवर घनता समुद्रसपाटीच्या ३७ टक्केच. म्हणून जितकं उंच, तितकी वीज कमी. टप्प्याबाहेर थांबणाऱ्या जॅमरला नेमकं उंचावर, इंधन वाचवत, सावकाश घिरट्या घालायच्या असतात. जिथे वीज सगळ्यात जास्त हवी तिथेच ती कमी पडते.

डेसिबल

वातकुक्कुट, पहिला भाग मान्य. उंचीचा निष्कर्ष तपासून पाहा. विमान समुद्रसपाटीवर आणि ९ किलोमीटरवर एकाच खऱ्या वेगाने उडत नाही. काट्यावरचा वेग सारखा धरला तर वर खरा वेग सुमारे १.६४ पट होतो. १.६४ चा घन साधारण ४.४, गुणिले ०.३७, म्हणजे १.६ पट. त्याच काट्याच्या वेगाला वर जास्त शक्ती मिळते, कमी नाही. मर्यादा मग जनित्राची येते, वाऱ्याची नाही.

वातकुक्कुट

बरोबर आहे, मी खरा वेग आणि दर्शक वेग यांची गल्लत केली. सुधारून लिहितो, कारण दुरुस्तीतून निघणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

शक्ती वाढली तरी पॉडमधून जाणाऱ्या हवेचं वस्तुमान मात्र घटतं. ०.३७ गुणिले १.६४ म्हणजे ०.६१, जवळपास ४० टक्के कमी हवा. उष्णता वाहून नेते ती हवेच्या वस्तुमानावर. वीज भरपूर आणि ती वापरल्यावर तयार झालेली उष्णता बाहेर टाकायला हवा कमी, असा पेच. वरची हवा उणे ४४ अंशांच्या आसपास असते, त्याचा फायदा होतो. पण वेगाने आत कोंबलेली हवा दबून तापते, तेव्हा तो फायदा पूर्ण मिळत नाही.

आता एएलक्यू-२४९ कडे. जुना पंखा नाकावर उघडा होता. नाकाची ती जागा नव्या पॉडमध्ये अँटेनांना हवी होती, आणि वीजही जास्त हवी होती. म्हणून टर्बाइन पॉडच्या पोटात घातलं. बाजूला दारं, ती उघडली की हवा आत येते, टर्बाइन फिरवते आणि बाहेर जाते. वीज नको तेव्हा दारं बंद, अडथळा कमी. कल्पना देखणी आहे.

पण पॉड हा मुळात एक लांब नळा असतो आणि त्याचा कणखरपणा अखंड कवचातून येतो. मधोमध मोठी भोकं पाडली की ते कवच तिथेच कमकुवत होतं. वळणाचा भार, नौकेवर उतरतानाचा धक्का, कॅटापल्टचा झटका, हे सगळं त्या कापलेल्या जागेवरून जातं. २०१७ मध्ये आराखड्याच्या अंतिम तपासणीच्या सुमारास लक्षात आलं की पॉडच्या सांगाड्याची मजबुती कमी पडते. सांगाडा नव्याने आखावा लागला आणि कार्यक्रम सुमारे वर्षभर मागे पडला. इलेक्ट्रॉनिक्स तयार होतं, डबा तयार नव्हता.

तारखा एका जागी देतो. जुलै २०१३ मध्ये रेथिऑनची निवड, बीएई कंपनीने हरकत घेतली, जानेवारी २०१४ मध्ये निवड कायम. त्याच वर्षी प्राथमिक नमुना एका गल्फस्ट्रीम विमानाला लावून उडवला. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण विकासाचं कंत्राट. ऑगस्ट २०२० मध्ये ग्राउलरवर पॉडचं पहिलं उड्डाण, नौदलाच्या पॅटक्सेंट रिव्हर या चाचणी तळावर. २०२१ च्या मध्यावर मर्यादित उत्पादनाला मंजुरी. २०२४ मध्ये तैनाती, त्याच वर्षअखेर प्राथमिक कार्यक्षमता जाहीर.

मीटरबँड

नळीविरुद्ध गॅलियम नायट्राइड (जास्त शक्ती पेलणाऱ्या चिपांचा अर्धवाहक), याबद्दल लिहायचं राहिलं होतं.

ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. जमिनीवर चाचणीत उत्तम चालणारा ट्रान्समीटर उंचीवर बंद पडतो, याचं नेहमीचं कारण हवेचा दाब. दाब घटला की हवेची विद्युतरोधक क्षमताही घटते, ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. म्हणून उच्च दाबाचे भाग वायूने किंवा द्रवाने भरलेल्या बंद डब्यात ठेवतात. एक रबरी रिंग कडक झाली, डबा हळूहळू गळू लागला, की पॉड तळावर निर्दोष आणि ९ किलोमीटरवर निकामी. दुरुस्तीच्या टेबलावर दोष सापडत नाही, पॉड ‘ठीक’ शेरा घेऊन परत जातो आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा बंद. उंचीच्या कक्षात घालून, दाब कमी करून तपासल्याशिवाय हा दोष हाती लागत नाही. एएलक्यू-९९ च्या विश्वासार्हतेबद्दल नौदलानेच वारंवार तक्रार केली आहे. तिची सगळी कारणं ही नव्हेत, पण जुन्या नळीच्या यंत्रणेत असे दोष जागोजागी लपलेले असतात.

नव्या पॉडमध्ये शेकडो छोटे गॅलियम नायट्राइड अ‍ॅम्प्लिफायर असलेली सक्रिय अँटेना-जाळी आहे, पुढे एक आणि मागे एक. प्रत्येक घटकाची कला बदलून झोत वळवायचा, यांत्रिक हालचाल नाही. झोत मायक्रोसेकंदांत एका रडारवरून दुसऱ्यावर जातो. एकाच जाळीतून एकाच वेळी अनेक झोतही काढता येतात, मात्र तेव्हा शक्ती वाटली जाते.

नळी गेली की ट्रान्समीटरच गेला. जाळीतले १० टक्के घटक गेले तर? समान शक्तीच्या घटकांच्या जाळीत परिणामी शक्ती घटकसंख्येच्या वर्गाने बदलते. ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे ०.९ डेसिबल. चालकाच्या लक्षातही येणार नाही. हे घटक कुठेही विखुरलेले हवेत, ही अट आहे. एकाच वीज-मॉड्यूलवरचा सलग तुकडा गेला तर झोताचा आकार बिघडतो.

उष्णता इथे पुन्हा येते. रुंद पट्ट्यात या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ३०-४० टक्के धरली तर १० किलोवॅट विजेतले ६ ते ७ किलोवॅट उष्णता होतात, आणि त्या काही चौरस मिलिमीटरच्या चिपांच्या तळाशी. हवा थेट लावून भागत नाही. द्रव फिरवावा लागतो, आणि तो बाहेरच्या हवेने गार करणारा उष्णता-विनिमयक लागतो. एका कडेचे घटक गरम आणि दुसऱ्या कडेचे गार राहिले तर कला सरकते, झोत वाकडा जातो. म्हणजे थंड करणारा पंप हा अँटेनाच्या अचूकतेचाच भाग झाला.

ओझरकर

आता माझा मुख्य प्रश्न. सुखोई-३० एमकेआय आपल्या ओझरलाच बनतं, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचं कंत्राटही झालं. विमान मोठं, दोन माणसांचं, वीज भरपूर. दोन्ही पंखांच्या टोकांना एसएपी-५१८ पॉड लागतात तेव्हा मराठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या ‘भारताचं ग्राउलर’ म्हणून मोकळी होतात. हे कितपत खरं?

कानोसा

खरं नाही, आणि हा फरक लोकांना कळावा अशी मनापासून इच्छा आहे.

एसएपी-५१८ हे स्वसंरक्षणाचे पॉड आहेत. काम एवढंच, की मागे लागलेल्या क्षेपणास्त्राच्या किंवा त्याचा नेम धरणाऱ्या आग-नियंत्रण रडारच्या नेमात खोट घालायची. डेसिबल यांचा पहिला प्रसंग: स्वतःसाठी जॅम करणं. तिथे शक्ती कमी पुरते, कारण रडारचा मुख्य झोत तुमच्यावरच आहे. पट्टाही मर्यादित, आग-नियंत्रण रडार असतात तेवढाच. तंत्रही वेगळं: इथे गोंगाटापेक्षा नक्कल चालते. आलेला स्पंद डिजिटल स्मृतीत साठवायचा आणि किंचित उशिराने परत पाठवायचा. १ मायक्रोसेकंद उशीर म्हणजे रडारला लक्ष्य १५० मीटर मागे दिसतं. तो उशीर हळूहळू वाढवला की रडारचा नेम खऱ्या विमानावरून सरकत जातो.

इथे काय चुकतं? उशीर वाढवताना डॉप्लर (वेगामुळे वारंवारितेत पडणारा फरक) त्याच्याशी जुळवला नाही, तर ‘लक्ष्य दूर सरकतंय, पण वेग तसं सांगत नाही’ हे रडारला कळतं आणि ते खोटं लक्ष्य टाकून देतं. साठवताना बिट कमी वापरले तर नकलेबरोबर बनावट रेषा उमटतात. त्यावरूनही ओळख पटते.

ग्राउलर दुसऱ्यांसाठी जॅम करतं. त्याला खालच्या पट्ट्यातली दूर टेहळणीची रडारही अडवायची असतात, संपर्कही अडवायचा असतो, आणि हे सगळं साइडलोबमधून. ते काम पंखाच्या टोकावरचा पॉड करू शकत नाही, मग विमान कितीही मोठं असो.

डेसिबल

यात एक भर. जॅमरची शक्ती आणि लक्ष्याचा रडार-छेद (रडारला ते किती मोठं दिसतं त्याचं माप) या दोन गोष्टी समीकरणात भागाकारात येतात. विमानाचा छेद दहापटीने कमी केला तर जॅमरची शक्ती दहापट वाढवल्यासारखंच. सुखोई-३० चा छेद मोठा आहे, तेव्हा त्याला वाचवायला तेजसपेक्षा कितीतरी जास्त जॅमिंग लागतं. छोट्या विमानाला छोटा जॅमर पुरतो, हे तेजसच्या बाजूने मोठं बलस्थान आहे.

ओझरकर

मग तेजसवर काय चाललंय तेही लिहा.

मीटरबँड

तेजस मार्क १ए वर स्वसंरक्षण जॅमरचा पॉड आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ विमानांचं कंत्राट झालं, त्यात ‘उत्तम’ हे देशी रडार आणि ‘स्वयम् रक्षा कवच’ ही देशी इलेक्ट्रॉनिक युद्धयंत्रणा घालायची असं संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं आहे. विमानावरच्या इलेक्ट्रॉनिक युद्धाचं काम मुख्यतः बंगळुरूची डेअर प्रयोगशाळा करते, हैदराबादची डीएलआरएल याच विषयातली दुसरी मोठी प्रयोगशाळा.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत आशादायक वाटते ती चिपची बातमी. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबने ४ इंची सिलिकॉन कार्बाइड चकत्या आणि त्यांच्यावरचे १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर, तसंच एक्स-बँडपर्यंत चालणाऱ्या ४० वॅटपर्यंतच्या चिप तयार केल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. जॅमरचं हृदय तेच. विमान, पॉड, रिसीव्हर सगळं देशी असलं आणि ही चिप बाहेरून आली, तर ज्या दिवशी पुरवठा थांबेल त्या दिवशी सगळं थांबेल. पुढची पायरी एकसारख्या हजारो चिप काढण्याची आहे. जाळीतले घटक कलेने जुळले नाहीत तर झोतच बनत नाही.

वातकुक्कुट

चाचणीबद्दल कुणी लिहिलं नाही. पॉड घेऊन उडण्याआधी लहर-शोषक भिंतींच्या कक्षात अख्खं विमान टांगून तपासतात. पॅटक्सेंट रिव्हर आणि एडवर्ड्स इथे असे मोठे कक्ष आहेत. कारण साधं आहे: उघड्यावर जॅमिंग केलं तर आसपासची नागरी रडार आणि संपर्क बिघडतो, आणि आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्यालाही ऐकू जातं. कक्षात मुख्यतः शोधायचं असतं ते स्वतःचंच नुकसान. ग्राउलरवर एएलक्यू-९९ आणि विमानाचं स्वतःचं एपीजी-७९ रडार यांचा एकमेकांना त्रास होतो, ही गोष्ट अमेरिकेत जाहीरपणे नोंदली गेली आहे. माणसांचं रक्षणही असतंच: प्राउलरच्या काचेवर सोन्याचा पातळ थर होता, तो चालकांना स्वतःच्या जॅमरच्या लहरींपासून वाचवायला.

ओझरकर

शेवटचा प्रश्न. मधला पट्टा झाला. खालच्या पट्ट्याला इतका वेळ का? स्टेल्थ विमानं पकडणारी रडार खालच्या पट्ट्यातच असतात ना?

मीटरबँड

हो, म्हणूनच ते निकडीचं आहे. कंत्राटाची वाट आधीच लांबली: डिसेंबर २०२० मध्ये एल३हॅरिसला मिळालं, नॉर्थ्रपने हरकत घेतली, ती मान्य झाली आणि २०२४ मध्ये ते पुन्हा एल३हॅरिसकडेच गेलं. पण कागद बाजूला ठेवले तरी भौतिकशास्त्र अडतंच.

जाळीतल्या दोन घटकांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास हवं. ६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ सेंटिमीटर, घटक अडीच सेंटिमीटरवर. हाताच्या पंज्याएवढ्या जागेत डझनावारी बसतात. १५० मेगाहर्ट्झला, जिथे पी-१८ सारखी जुनी सोव्हिएत टेहळणी रडार चालतात, तरंगलांबी २ मीटर. घटक एक मीटरवर. पॉडच्या रुंदीत एक मावतो. झोताची रुंदी ढोबळपणे तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी, म्हणजे झोत असा बनतच नाही. शक्ती सगळीकडे सांडते, स्वतःच्या विमानाच्या रिसीव्हरमध्येही. पॉड लांब केला तर लांबीच्या दिशेने अँटेना मोठा होतो, पण तो बाजूला बघतो, समोर नाही. म्हणून या पट्ट्यात अरुंद झोताऐवजी रुंद पट्ट्यात चालणारा कार्यक्षम अँटेना आणि कच्ची शक्ती यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि मग पुन्हा वीज आणि उष्णता.

तोवर ग्राउलर उडतं ते पंखाखाली दोन नवे पॉड आणि पोटाखाली जुन्या एएलक्यू-९९ चा खालच्या पट्ट्याचा पॉड घेऊन. नाकावर फिरणाऱ्या चार पात्यांच्या पंख्यासकट.